तीन पियानो आणि एक मुकी पट्टी

“एस्तेर, आलं बरं का आपलं दुकान!”

बाबांनी गाडीचं दार उघडून जाहीर केलं. नगरच्या स्टँडवर पाथर्डी गाडी फलाटाला लागल्याचं सांगावं, तसं. मुंबईच्या अख्ख्या फोर्टाला ऐकू गेलं असेल. फुटपाथवर चष्मे विकणारा दचकला, दोन कबुतरं उडाली. आई मात्र दचकली नाही. डाव्या हाताने तिने मांडीवरच्या शालीचा काठ धरला होता, तो तसाच धरून ती समोर बघत राहिली.

“बाबा, तिला ऐकू येतं. कान चांगले आहेत तिचे,” मी म्हटलं.

“मला माहितीय की. मी आपलं सांगितलं.”

बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. उभा जन्म भोंग्यावर गाड्या पुकारण्यात गेल्यामुळे हळू बोलायचं असतं, हे त्यांना निवृत्तीनंतरही उमगलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि आईला तिची मोरपिशी साडी नेसवली होती. ती खास नाताळच्या उपासनेची. निऱ्या त्यांनी स्वतःच्या हाताने घातल्या होत्या आणि त्या वर-खाली झाल्या होत्या. मी नाशिकहून आदल्या दिवशीच आले होते आणि पहाटेपासून त्या सरळ करण्याची माझी फार इच्छा होती. पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी हात आवरला.

आमच्याबरोबर मंडळीचे, म्हणजे आमच्या चर्चचे, सेक्रेटरी भांबळसाहेब होते. सज्जन माणूस. गाडी त्यांचीच. पहाटे निघाल्यापासून ते आईची चौकशी करत होते, पण बाबांकडे. “बाईंना ऊन लागतंय का?” “बाईंना चहा चालतो का?” आई शेजारीच बसलेली असायची. झटका आल्यापासून सगळेच असं करू लागले होते. बोलणं गेलेल्या माणसाशी बोलणंही हळूहळू बंद होतं.

सांगायचं तर गोष्ट एवढीच होती. आमच्या मंडळीने नवं सभागृह बांधलं होतं आणि त्यात ठेवायला ग्रँड पियानो देणार होता थिओफिल. हा थिओफिल म्हणजे आमच्याच गल्लीतला, आईकडे शिकलेला, पुढे डॉक्टर होऊन मेलबर्नला गेलेला. त्याची अट एकच होती. पियानो एस्तेरबाई निवडतील तोच. आईने चाळीसएक वर्षं उपासनेला साथ केली होती, अर्ध्या नगरला बोटं कशी ठेवायची ते शिकवलं होतं. तिला सोडून दुसरं कोण निवडणार? अट ऐकून आई दोन दिवस हवेत होती. “मला काय कळतंय त्या राजेशाही पियानोंतलं,” असं म्हणायची आणि लगेच कोणत्या देशाचा पियानो कसा वाजतो ते सांगत बसायची.

आणि मग एका सकाळी चहा गाळता गाळता ती स्वयंपाकघरात कोसळली. उजवी बाजू लुळी पडली. पाय पुढे थोडाफार आला, काठी धरून ती चालू लागली. जिभेने मात्र साथ दिली नाही. आठ महिने झाले होते. एक शब्द नाही, हुंकार नाही. डॉक्टर म्हणाले होते, जे यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं.

मंडळीच्या पंचकमिटीत विषय निघाला तेव्हा सगळ्यांचं मत पडलं की आता बाईंना त्रास कशाला, भांबळसाहेबांनी आणि सलोमीने जावं, बघून ठरवावं. सलोमी म्हणजे मी. बाबा कमिटीवर नव्हते, दाराशी बसले होते. ते तिथून उठून म्हणाले, “निवडायचा तर एस्तेरच निवडील. नाहीतर तुम्ही मला तोंडावर सांगा, की एस्तेर आता नाही.”

असं कोण सांगणार? म्हणून आम्ही सगळे निघालो होतो.

लिफ्ट जुन्या जाळीची होती आणि तिघांचीच. भांबळसाहेब जिन्याने गेले. वर जाताना मी हळूच विचारलं, “बाबा, आणि तिने काहीच नाही केलं तर?”

“तर मग मला कळंल.”

“काय कळेल?”

बाबांनी आईच्या खांद्यावरची शाल नीट केली. “ती हाय का नाही आत, ते.” त्यांचं बोलणं घाबरलं की गावाकडे जायचं. “मी रोज बोलतो तिच्याशी. पेपर वाचून दाखवतो. पण सलू, मला आता समजंना झालंय, मी कुणाशी बोलतोय.”

आई जाळीतून सरकणाऱ्या भिंतीकडे बघत होती.

वरचा मजला म्हणजे एक लांबच लांब दालन होतं. गुळगुळीत लाकडी जमीन, जाड पडदे, आणि मधोमध अंतर ठेवून उभे असलेले तीन काळे पियानो. तिन्हींची झाकणं उघडून टेकवलेली. आमच्या घरात यातला एकही मावला नसता. मावलाच असता तर आम्ही अंगणात राहायला गेलो असतो. दुकानाच्या बाई, श्रीमती डिमेलो, पुढे आल्या. पन्नाशीच्या, वांद्र्याच्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी पहिल्यांदा आईला हात जोडले आणि तिच्याकडे बघून म्हणाल्या, “या बाई. तुमच्यासाठी सकाळीच तिन्ही सुरात लावून घेतलेत.”

आठ महिन्यांत आईशी थेट बोललेलं परकं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मला त्या तिथेच आवडल्या.

आईला मऊ खुर्चीत बसवलं. श्रीमती डिमेलोंनी सांगितलं, की हा पहिला जर्मन, सगळ्यांत लांब, मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. मधला जपानी. पलीकडचा व्हिएन्नाचा, हाताला थोडा जड, पण आवाज गोड. मग त्यांनी मला विचारलं, “आणि घरी कोणता आहे?”

“घरी ना?” बाबा मध्येच बोलले. या प्रश्नाची ते वाटच बघत असावेत. “घरी मिशनच्या बाईंनी जाताना हिला दिलेला. उभा. पार जुना. त्यातली एक पट्टी मी मारली.”

“मारली म्हणजे?”

“जिवानिशी मारली.”

ही आमच्या घरातली नेहमीची गोष्ट. पियानोच्या मधल्या भागात एक पांढरी पट्टी आहे, तिची हातोडी उंदराने कुरतडली. पट्टी वाजायची, पण खोकल्यासारखी. आई सूर लावणाऱ्या माणसाला पुण्याहून बोलावणार होती. तेवढ्यात बाबांनी तिला खूश करायचं म्हणून ती शाळेत शिकवायला गेलेली असताना पियानो उघडला आणि डिंक, सुतळी, सायकलच्या ट्यूबचा तुकडा असं सगळं वापरून दुरुस्ती केली. त्यानंतर ती पट्टी कायमची मुकी झाली. पुण्याचा माणूस आला, आत बघितलं, आणि “हे कुणी केलं?” असं विचारून हसत हसत परत गेला.

“मग?” श्रीमती डिमेलोंनी विचारलं.

“मग काय! ही बोलली नाही मला काही. म्हणाली, देवाने गळा दिलाय तो कशाला? तो सूर आला की ही तोंडाने म्हणायची. पोरांना शिकवताना पण. पोरं बोटं चालवायची, आणि तिथं आलं की ही आपली खुर्चीतनं ‘आऽऽ’. आमच्या सगळ्या पोरांना वाटायचं, पियानो असाच असतो.”

श्रीमती डिमेलो मनापासून हसल्या. भांबळसाहेबही हसले, तेही आईचेच विद्यार्थी. मी आईकडे पाहिलं. तिच्याच घरची गोष्ट, तिच्या समोर, आणि तिचा चेहरा कोऱ्या भिंतीसारखा. बाबांनीही तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गालावरच राहिलं.

मी पहिल्या पियानोपाशी बसले. घरून आणलेलं गीतांचं पुस्तक समोरच्या फळीवर ठेवलं. लागणार काहीच नव्हतं त्यातलं, पण आईची शिस्त होती की पुस्तकाशिवाय पियानोला बसायचं नाही. तिच्या शिकवण्याच्या दोनच गोष्टी होत्या. चुकलं की म्हणायची, “पुन्हा.” बरोबर आलं की काहीच म्हणायची नाही, नुसतं पुस्तकाचं पान उलटायची. शाबासकी दिली तर पोरं बिघडतात, असं तिचं म्हणणं. त्या पान उलटण्यासाठी आम्ही पोरं जीव टाकायचो.

जर्मन पियानो काय सांगावा! खालच्या पट्टीवर बोट ठेवलं तर त्याचं घुमणं जमिनीतून पायांत आलं. मी वरून खाली, खालून वर वाजवून पाहिलं, अगदी हळू वाजवलं, मग जोराने. पायाखालचा पेडल दाबला तर सूर कितीतरी वेळ दालनात फिरत राहिला. मग मी आमचं संध्याकाळचं गीत घेतलं. आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी बांधलेली चाल. साधी, चार ओळींची. तिसऱ्या ओळीत ती हळूहळू वर चढते, एका सुरावर क्षणभर थांबते आणि मग खाली उतरते. आमच्या घरात दिवा लागला की हे गीत व्हायचंच. नाशिकच्या शाळेत मी कीबोर्डवर रोज वाजवते, तिथे सगळ्या पट्ट्या धडधाकट आहेत, त्यामुळे मी तिसरी ओळ न अडखळता वाजवली. सगळे सूर जागच्या जागी.

“वा!” भांबळसाहेब म्हणाले. “याला म्हणतात पियानो. सभागृह दणाणून जाईल.”

बाबा पियानोकडे बघतच नव्हते. ते आईच्या समोर गुडघ्यांवर हात टेकून वाकले होते. “एस्तेर? आवडला? आवडला तर माझा हात दाब.”

त्यांनी आपला हात तिच्या डाव्या हातात दिला. वाट बघितली. मग हात हळूच काढून घेतला.

“दुसरा घे, सलू,” ते म्हणाले.

दुसरा मी वाजवला. त्याच्याबद्दल आता सांगायला बसले, तर तेव्हा मला फारसं काही वाटलंच नव्हतं, हे कबूल करावं लागेल. स्वच्छ आवाज. घासून पालथी घातलेली भांडी कशी वेगवेगळी दिसतात, तसा एकेक सूर वेगळा ऐकू येत होता. पहिल्याचा थाट त्याला नव्हता. गीत वाजवलं, तिसरी ओळ वाजवली, संपवलं. मागे वळून पाहिलं तर आईने डोळे मिटले होते.

“झोप आली असेल त्यांना. पहाटेपासून प्रवास,” भांबळसाहेब हळू आवाजात म्हणाले. मग बाबांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. “उजगरेसाहेब, माझं ऐका. तुम्ही आणलंत त्यांना, खूप झालं. थिओफिलला आपण सांगू, बाई आल्या होत्या म्हणून. खोटं नाही ते. तो पहिला घेऊन टाकू आणि बाईंना घरी नेऊ. त्यांना त्रास नको.”

बाबांनी खांदा सोडवून घेतला. ते खिडकीपाशी गेले. इस्त्रीच्या शर्टाच्या पाठीवर गाडीतल्या सीटची घडी उमटली होती. तेवढ्या वेळात ते पाच वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे मला दिसले. वाटलं, का आणलं यांना इथे? घरी निदान पेपर वाचून दाखवायला कुणीतरी आहे, असं तरी समजून राहिले असते. झटका आल्यानंतर पहिल्या महिन्यात मी घरचा पियानो एकदाच उघडला होता. झाकण वर केल्याचा आवाज ऐकूनच आईने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. बाबांनी त्या दिवशी कुलूप घातलं, ते परत काढलं नव्हतं. ते सगळं मला आठवलं आणि रडू आलं. मी श्रीमती डिमेलोंकडे पाठ केली.

“सलू,” बाबा म्हणाले. मी चमकून पाहिलं, कारण आवाज त्यांचा वाटेना. इतक्या हळू बोलताना मी त्यांना ऐकलंच नव्हतं. “तो तिसरा तेवढा वाजव. मग जाऊ आपण.”

मी व्हिएन्नाच्या पियानोपाशी बसले. पुस्तक ठेवलं. खालीवर वाजवून बघण्यात आता काही अर्थ वाटत नव्हता. सरळ गीतालाच हात घातला.

पट्ट्या जड होत्या. आमच्या घरच्या पियानोसारख्याच, बोटाने थोडं ढकलल्याशिवाय न हलणाऱ्या. नाशिकच्या कीबोर्डने माझ्या हातांना जो हलकेपणा लावला होता, तो पहिल्याच ओळीत गळून पडला. दुसऱ्या ओळीला मी नगरच्या घरात होते. खिडकीतून शेजारच्या विटकरी भिंतीवरचं ऊन, आईच्या साबणाचा वास, माझ्या उजव्या खांद्यामागे तिची खुर्ची. समोर काय आहे ते मला दिसतच नव्हतं. डोळे भरले होते. तिसरी ओळ वर चढू लागली. आणि त्या सुरापाशी आल्यावर माझं बोट उचललं गेलं, आणि खाली आलंच नाही.

लहानपणापासून हजारदा केलेलं. मुक्या पट्टीवर बोट टाकून काय उपयोग? तिथे थांबायचं असतं. डावा हात चालू ठेवायचा आणि थांबायचं. चूक माझ्या ध्यानात येऊन चपापायच्या आत मागून आवाज आला.

“आऽऽ.”

फाटका होता. अर्धा श्वासच होता. तोंडाच्या एका कोपऱ्यातून आल्यासारखा वाकडा. पण सूर तोच होता, केसभरही इकडेतिकडे नाही.

माझे हात थांबले. मी वळून पाहिलं. आईचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. माझ्या बोटांकडे. शिकवताना बघायची तशी, भुवया जवळ आणून.

“एस्तेर?” बाबा खिडकीपासून म्हणाले. सूर कशाशी खातात हे बाबांना माहीत नव्हतं, पण आवाज कुणाचा ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. ते दोन पावलं आले आणि तिथेच जमिनीवर बसले.

आईने डावा हात शालीतून बाहेर काढला. एक बोट वर केलं. तिच्या ओठांची खटपट चालली होती. जडच्या जड काहीतरी उचलावं तसे ते दोनदा हलले आणि खाली आले. तिसऱ्यांदा शब्द आला.

“पु... न्हा.”

मी पुन्हा वाजवलं. कसं वाजवलं देव जाणे. तिसऱ्या ओळीत जागा सोडली, आणि तिने ती भरली.

“हाच!” बाबा जमिनीवर बसल्या बसल्या ओरडले. आवाज परत आला होता. खालच्या रस्त्यावरही पोचला असेल. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. “भांबळसाहेब, हाच! हाच घ्यायचा! देवाची शपथ, दुसरा मी घेऊ देणार नाही!”

“हाच, हाच,” भांबळसाहेबही म्हणाले. रुमाल त्यांच्या नाकाशी होता. “यावर बोलायचंच नाही आता.”

आईने मान हलवली. नाही.

बाबांना ते दिसलं नाही. मला दिसलं. “बाबा, थांबा,” मी म्हटलं. “ती नाही म्हणतेय.”

“नाही कसं? आत्ताच तर...”

आईने पुन्हा मान हलवली. आणि अशी हलवली की तिची चीड सगळ्यांना कळली. आमच्या गडबडीवर ती वैतागली होती. तिने काठी मागितली, म्हणजे हात पुढे करून बोटं नाचवली. बाबा उठले, त्यांनी काठी दिली. काठीचं टोक तिने पहिल्या पियानोकडे केलं.

“पुन्हा,” ती म्हणाली. या वेळी शब्द जरा लवकर आला.

बाबा माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे. चमत्कार झालाय म्हणून आम्ही रडत होतो, आणि बाईंना पियानो निवडायचा होता! त्यासाठीच तर त्या नगरहून आल्या होत्या.

मी पहिल्यापाशी गेले. श्रीमती डिमेलोंनी खुर्ची सरकवून आईला जवळ आणलं. गीत, तिसरी ओळ, रिकामी जागा. आईने सूर लावला, पण डाव्या हाताच्या त्या भरदार घुमण्यात तो कुठल्या कुठे गेला. मला तिचे फक्त ओठ दिसले. तिने काठी हलवली आणि मधल्याकडे दाखवलं.

पुस्तक उचलून मधल्यावर बसले, श्रीमती डिमेलोंनी आईची खुर्चीही तिथे आणली. तेच गीत. पहिली ओळ, दुसरी. तिसरी चढली, मी बोट उचललं.

“आऽऽ.”

तो सूर पियानोच्या वर राहिला. एकटा, थकलेला, फाटका, आणि तरी वेगळा. खालच्या सुरांनी त्याला जागा करून दिली होती. व्हिएन्नाच्या गोडव्यात तो मिसळून गेला होता, जर्मन आवाजात बुडाला होता. इथे तो ऐकू येत होता.

“आता ऐकू आलं बाईंचं,” भांबळसाहेब सहज म्हणाले. “मघाशी त्या पहिल्यावर मला ऐकूच आलं नव्हतं.”

चौथी ओळ मी वाजवून संपवली आणि हात मांडीवर घेतले. वाट बघितली. आई काही बोलली नाही. बाबा कासावीस होऊन म्हणाले, “एस्तेर, पुन्हा? पुन्हा वाजवू दे का तिला?”

आई खुर्चीतून पुढे वाकली. डावा हात लांब केला. तो फळीपर्यंत पुरत नव्हता. बाबा तिला आधार द्यायला धावले, तर तिने कोपराने त्यांना बाजूला सारलं. मग बोटाच्या टोकाने तिने पुस्तकाचं पान धरलं आणि उलटलं.

मी चौतीस वर्षांची बाई, शाळेत संगीताची मुख्य शिक्षिका. पान उलटलेलं बघून मी लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले.

“म्हणजे काय?” श्रीमती डिमेलोंनी चष्मा पुसत विचारलं.

“म्हणजे हा,” बाबा म्हणाले. हळू, अगदी हळू. “ठरला हा. आमच्या बाईंनी निवडला.”

परत येताना माळशेज घाटात धुकं होतं. बाबा मागच्या सीटवर आईचा हात धरून बसले होते. त्यांनी वाटभर एकही घोषणा केली नाही. ओतूरला चहाला थांबलो, तेव्हा भांबळसाहेब दार उघडून आईसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, तुम्हाला साखर किती?” आईने एक बोट दाखवलं.

थिओफिलला मी रात्री फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, “सलू, मी इथे दवाखान्यातून घरी आलो की तेच गीत वाजवतो. अजून तिथे थांबतो गं. माझी बायको विचारते, तुझ्या पियानोला काय झालंय?”

आई त्यानंतर सहा वर्षं होती. गाण्याच्या आधाराने थोडे शब्द परत आले. “अहो” आला, “सलू” आला, “मीठ” आला. पूर्ण वाक्य कधी आलं नाही. सभागृहात तो पियानो आला, तेव्हापासून दर रविवारी ती पुढच्या बाकावर काठी घेऊन बसायची. मी सुट्टीला आले की संध्याकाळचं गीत वाजवायची, तिसऱ्या ओळीत थांबायची, आणि ती म्हणायची. नव्या लोकांना वाटायचं, ही आमच्या मंडळीची रीतच आहे.

ती गेली त्या आठवड्यातल्या रविवारी साथीला मीच होते. बाबा तिच्या जागेच्या शेजारी बसले होते, जागा मोकळी ठेवून. बाबा उपासनेत गात नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी आईने त्यांना हळूच सांगितलं होतं, की तुम्ही नुसते ओठ हलवा, देवाला पोचतं. तेव्हापासून जन्मभर त्यांनी ओठच हलवले होते.

वाजवताना मी मनाशी ठरवलं होतं, की आज ती पट्टी दाबायची. पियानो नवा आहे, पट्टी धडधाकट आहे, आता थांबायचं कुणासाठी? पण तिसरी ओळ चढली आणि बोट आपलं आपण उचललं गेलं. सगळं सभागृह गात गात त्या जागी आलं आणि, बहुधा सवयीने, गप्प झालं.

आणि पुढच्या बाकावरून बाबांचा आवाज आला. “आऽऽ!” स्टँडवरच्या भोंग्यासारखा, शेवटच्या रांगेच्याही पलीकडे पोचेल असा. सूर पार चुकला होता. जवळपासही नव्हता.

मी पट्टीला हात लावला नाही. ते थांबेपर्यंत थांबले, आणि मग चौथी ओळ घेतली.